गोदीतल्या थापा, हार्बर लाइनवर

क्लिअरिंग एजंटाकडे नोकरी करणाऱ्याने लोकलमध्ये काय वाचावं? माझ्यापुरतं उत्तर ठरलंय: डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज, गोदी आणि जहाजांवरच्या गमतीदार गोष्टी लिहिणारा इंग्रज लेखक. डॉकयार्ड रोडला गाडीत चढायचं, वडाळ्याला खिडकी मिळाली तर मिळाली, आणि वाशी यायच्या आत एक गोष्ट पुरी.

या गोष्टी घडवल्याच गेल्या तशा. १८९१ च्या जानेवारीत लंडनमध्ये 'स्ट्रँड' मासिक निघालं, किंमत सहा पेनी. बाकीची मासिकं साधारण शिलिंगाला, म्हणजे दुप्पट. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरून घ्यायचं आणि डब्यात वाचायचं. क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला की वाचक गेलाच, म्हणून पात्र तेच ठेवून दरवेळी गोष्ट पूर्ण करायची शक्कल शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलने लढवली. आपल्याकडेही १८९५ साली का. र. मित्रांचं 'मनोरंजन' मुंबईतच सुरू झालं. नावातच सगळं आलं.

होम्सचे भक्त पुष्कळ आहेत, त्यांनी बघून घ्यावं. मला जेकब्ज जवळचा. वडील लंडनच्या गोदीभागात, वॉपिंगच्या धक्क्यावर मॅनेजर, हा स्वतः पोस्टाच्या बचत बँकेत कारकून. नोकरी सांभाळून लिहायचा, १८९९ मध्ये सोडली एकदाची.

१८९६ च्या 'मेनी कार्गोज' या त्याच्या कथासंग्रहातली पहिलीच गोष्ट घ्या. धक्क्यावरचा रात्रीचा वॉचमन आपल्या खलाशीपणाच्या दिवसांतली सांगतोय. कप्तानाला डॉक्टरकीचा नाद, पेटी आणि पुस्तकं घेऊनच जहाजावर असतो. खलाशांना कळतं की आजारी पडलं की काम नाही, वर चांगलंचुंगलं खायला. मग काय, एकेक जण अंथरुणाला खिळतो. शेवटी मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, वैतागतो, हाताला लागेल ते कालवून एक जालीम औषध तयार करतो आणि कप्तानाच्या परवानगीने पाजतो. दोन घोटांत पेशंट ठणठणीत! आमच्याकडे मेडिकल लीव्ह टाकणाऱ्यांची नावं लिहीत नाही, पण हे औषध मिळालं तर स्टॉकमध्ये ठेवावं म्हणतो.

गंमत प्रसंगात कमी, वॉचमनच्या थापेत जास्त. आपण स्वतः किती सज्जन, हे तो इतक्या निरागसपणे सांगतो की पठ्ठ्याही त्या आजाऱ्यांत असणार, असा मला दाट संशय आहे. आमच्या गोदामावरचा मालवणी वॉचमन "काय सांगाचा तुमका!" म्हणून सुरू झाला की घड्याळ बघायचं सोडून द्यावं लागतं, तीच जात.

बायका मात्र त्याला जमत नाहीत. एक तर कजाग बायको, नाहीतर कप्तानाची देखणी मुलगी. सलग चार-पाच गोष्टी वाचल्या की हे खटकतं, म्हणून मी सलग वाचतच नाही. सकाळी एक, संध्याकाळी झोप. पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, फोनवर उतरवून घ्या, कारण शिवडीच्या पुढे माझं नेटवर्क जातं.