ओळंबा आणि अप्लॉम

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला. आठवणी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच, आणि घंटा, छडी, मधल्या सुट्टीतली बोरं यांतून त्या फारशा बाहेर जाणार नाहीत. मी एका शब्दाबद्दल लिहितो. आठवी ते दहावीच्या मुलांनी तो वहीत उतरवून घेतला तर उत्तम.

'कॉन्फिडन्स' आता आपलाच झालाय. चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कुठल्याही घरात 'पोरगी कॉन्फिडन्ट आहे' म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्याचा एक चुलतभाऊ मात्र आपल्याकडे फारसा आलेला नाही. तो म्हणजे 'अप्लॉम', अडचणीतही तोल न ढळू देणं. स्पेलिंग ए-पी-एल-ओ-एम-बी. शेवटचा बी उच्चारायचा नाही. अंगठ्याच्या 'थम'मध्ये आणि कोकराच्या 'लॅम'मध्ये तो जसा गप्प बसतो, तसाच इथे. जोर 'प्लॉ'वर. 'अप्लोंब' म्हणू नये. खरं तर 'प्लंबर'मधलाही बी इंग्रज उच्चारत नाही, पण तो शब्द आपण इतका आपलासा केलाय की 'प्लमर आला' म्हटलं तर घरातले लोकच विचारतील, कोण?

प्लंबरचं नाव उगाच घेतलं नाही. लॅटिनमध्ये शिशाला 'प्लंबम' म्हणतात. रसायनशास्त्राच्या तक्त्यात ८२व्या घरात शिशाचं चिन्ह पी-बी का, त्याचं उत्तर हेच. रोमन लोकांचे पाण्याचे नळ शिशाचे असायचे, म्हणून नळकाम करणारा प्लंबर. फ्रेंचमध्ये 'आ प्लों' म्हणजे शिशाच्या गोळ्याला धरून, अगदी उभ्या रेषेत. हाच शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला आणि भिंतीवरून माणसावर गेला. बॅलेच्या शिक्षणात आजही नर्तकाच्या उभ्या तोलाला हाच शब्द वापरतात.

म्हणजे हा आपला ओळंबाच. शाळेच्या कुठल्याही बांधकामावर गवंड्याच्या हातात दिसतो तो. वर लाकडी किंवा पितळी गट्टू, मध्ये दोरी, खाली लोखंडी किंवा पितळी गोळा. गट्टूची रुंदी गोळ्याच्या व्यासाएवढी असते आणि दोरी दोन्हींच्या मधोमध येते. गट्टू भिंतीला टेकवून गोळा खाली सोडायचा. तो भिंतीला जेमतेम चाटून लोंबला तर भिंत सरळ. गोळा आणि भिंत यांच्यात फट दिसली तर भिंत वरून बाहेर झुकलीय. गोळा भिंतीवर रेलला आणि दोरी तिरपी झाली तर खालचा भाग बाहेर आलाय. चुकतं कुठे? गट्टूच्या कडेला वाळलेला मसाला चिकटलेला असतो. किंवा गोळा अजून झुलत असतानाच माप घेतलं जातं. वैशाखातल्या वाऱ्यात तर तो थांबतच नाही. मग खाली पाण्याची बादली ठेवून गोळा पाण्यात बुडवतात. पाणी झोका जिरवतं आणि दोरी निश्चल होते. शिसं लोखंडापेक्षा जड, घनता पाण्याच्या अकरा पटींहून जास्त. तेवढ्याच वजनाचा शिशाचा गोळा लहान होतो आणि वाऱ्याला कमी सापडतो.

अप्लॉमचा सगळा अर्थ या बादलीत आहे. वारा असतो, झोका बसतो, तरी दोरी उभीच राहते. म्हणून हा शब्द कॉन्फिडन्सच्या जागी सरसकट चालत नाही. परीक्षेला जाण्याआधी 'आय हॅव कॉन्फिडन्स' ठीक. 'आय हॅव अप्लॉम दॅट आय विल पास' हे इंग्रजीच नव्हे. 'कॉन्फिडन्स इन यू' होतो, 'अप्लॉम इन यू' होत नाही. कॉन्फिडन्स आधी असतो, उद्याविषयी असतो. अप्लॉम करताना दिसतो, आणि तो दुसऱ्याने पाहून सांगायचा असतो. स्वतःबद्दल 'मी अप्लॉमने बोललो' लिहिणाऱ्याला वाचणारा मनातल्या मनात हसतो. शिवाय समोर काहीतरी अडचण हवी. चहा कोणी अप्लॉमने पीत नाही. स्नेहसंमेलनात वीज गेली, माइक बंद पडला आणि सूत्रसंचालन करणारी मुलगी आवाज चढवून पुढच्या नावावर गेली, तर तो अप्लॉम. हरल्यावर समोरच्याचा हात हसून हातात घेणं हाही अप्लॉमच. आपण तो फक्त जिंकणाऱ्यांना देऊन टाकतो, ते बरोबर नाही.

व्याकरण फारसं नाही. मोजता येत नाही, म्हणून 'ॲन अप्लॉम' नको आणि अनेकवचनही नको. बहुतेक वेळा मागे 'विथ' येतो: 'शी हँडल्ड द क्वेश्चन्स विथ अप्लॉम'. मध्ये 'ग्रेट' किंवा 'कन्सिडरेबल' घालता येतं. विशेषण नाहीच. ते हवं असेल तर 'पॉइज्ड' किंवा 'कम्पोज्ड' घ्यावं. 'ओव्हरकॉन्फिडन्स' आहे, पण अप्लॉमला 'ओव्हर' कधी लागत नाही. गोळा जास्त सरळ लोंबू शकत नाही ना!

मराठीत काय म्हणायचं? 'आत्मविश्वासाने' लिहून मोकळं होऊ नये, त्यात झोक्याचा पत्ताच नाही. 'स्थितप्रज्ञ' फार जड, त्यात शिसं जरा जास्तच होतं. गंमत म्हणजे बरोबरीचा शब्द आपल्या घरातच आहे. ओळंबा संस्कृत 'अवलंब'वरून आला, आणि भूमितीच्या तासाला आपण रेषेवर टाकतो तो 'लंब' त्याच धातूचा. पण भाषेने तो माणसाला लावला नाही. आपण 'अवलंबून' म्हणतो ते दुसऱ्यावर टेकलेल्या माणसाला, म्हणजे नेमकं उलट. म्हणून नामाच्या मागे न लागता क्रियापद घ्यावं: तोल ढळू दिला नाही, डगमगली नाही. अहिराणीत तर 'डगमगना नही' एवढ्यावर काम भागतं.

आता महोत्सवाची प्रमाणपत्रं इंग्रजीत छापायची ठरलीच, तर एक विनंती. सगळ्यांच्या नावापुढे हा शब्द छापू नका. ज्या मुलीचा माइक बंद पडला होता, तिच्या प्रमाणपत्रावर 'होस्टेड द प्रोग्रॅम विथ अप्लॉम' लिहा. आणि छापायला देण्याआधी शेवटचा बी आहे ना, ते तपासा. उच्चारात नसल्यामुळे जुळणी करताना तोच आधी गळतो.