मॅक्स लिंडर कुठे हरवला?

मूकपटांचा विषय निघाला की मी चॅप्लिनच्या आधी मॅक्स लिंडरचं नाव घेतो, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: एवढा मोठा होता, तर आज कुणाला ठाऊक कसा नाही? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

हा फ्रान्समधला, बोर्दोजवळच्या द्राक्षमळेवाल्यांचा मुलगा, जन्म १८८३चा. १९०५ मध्ये पाते या चित्रपट कंपनीत शिरला. तेव्हाचा विनोदवीर म्हणजे आपटणारा, तोंडं वेंगाडणारा. हा आला उंच रेशमी टोपी, बारीक मिशी आणि हातात छडी घेऊन. कितीही फजिती होवो, ऐट सोडायची नाही, यातच त्याची सगळी गंमत. पहिल्या महायुद्धापूर्वी स्पेनपासून रशियापर्यंत लोक त्याच्यावर फिदा होते.

१९२१च्या त्याच्या 'सेव्हन इयर्स बॅड लक' या चित्रपटातला आरसा बघाच. नोकराच्या हातून मोठा आरसा फुटतो. मालकाला कळू नये म्हणून स्वयंपाकी मॅक्ससारखे कपडे घालून रिकाम्या चौकटीपलीकडे उभा राहतो. इकडे मॅक्स दाढी करतोय, पलीकडून हुबेहूब नक्कल चालू. मॅक्सला संशय येतो, पण गृहस्थ ओरडत नाही. सभ्यपणे, तिरक्या नजरेनं 'प्रतिबिंबाची' परीक्षा घेत राहतो. शेवटी पुरती खात्री पटते आणि तो नेम धरून वस्तू फेकतो. पण तोवर तिथे खराखुरा आरसा बसवून झालेला असतो! अमेरिकी विनोदवीर मार्क्स बंधूंच्या १९३३च्या चित्रपटातला असाच आरसा सगळ्यांना पाठ आहे, हा मात्र नाही.

तर हरवला कसा? युद्धात तब्येत ढासळली, मनही. चॅप्लिन 'एसने' ही अमेरिकी चित्रपट कंपनी सोडून गेल्यावर त्याच्या जागी कंपनीनं याला अमेरिकेत नेलं. १९१७ मध्ये तीन चित्रपट आले आणि कारभार आटोपला. मला वाटतं, तिथल्या प्रेक्षकाला तोवर धावपळीची चटक लागली होती. पुढे १९२५ मध्ये पॅरिसला पत्नीसह त्याचा मृत्यू झाला, तोही फार वाईट रीतीनं. मुलगी मॉड तेव्हा दीड वर्षाचीही नव्हती. मोठी झाल्यावर तिनंच बापाच्या विखुरलेल्या फिल्मा शोधून काढल्या आणि त्यातून १९६३ मध्ये एक संकलनपट आणि १९८३ मध्ये एक माहितीपट केला.

चॅप्लिननं त्याला फोटोवर 'प्रोफेसर' आणि स्वतःला शिष्य लिहून दिलं होतं, हे खरं. पण तेवढ्याच ओळखीवर त्याला बघायला बसू नका. नाहीतर सगळा वेळ चॅप्लिनच शोधत राहाल आणि दाढीच्या फेसाआडून रोखलेली ती नजर हुकेल.