यादीतलं नाव काढायचं म्हटलं की शेठचा जीव जातो

टॉवेल-चादरीच्या धंद्यातल्या दोन-तीन पार्ट्यांचं जाहिरातीच्या मेलचं काम मी बघतो, सगळे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलेच, आणि सगळ्यांचा आजार सेम. मेल पाठवायच्या यादीत नावं किती हे विचारतात, त्यातले मेल उघडतात किती हे कोणी विचारत नाही.

मग कोणीतरी पेनड्राईव्हवर हॉटेल-हॉस्पिटलच्या परचेसवाल्यांची एक्सेल आणून विकतं. ती शीट उघडून बघाच एकदा. निम्मे पत्ते कुणा एका माणसाचे नाहीतच, नुसते इन्फो@ नाहीतर सेल्स@ वाले, एकच पत्ता तीनदा, मधेच जीमेलचं स्पेलिंग उलटंपालटं, आणि कधीच टाळं लागलेल्या लॉजचा पत्तापण त्यातच. असले मेल नुसते बाउन्स झाले, म्हणजे न पोचता परत आले, तर ठीक (तरी हार्ड बाउन्स, म्हणजे पत्ताच नाही म्हणून कायमचा परत आलेला, तो पत्ता लगेच काढा, पुन्हा ट्राय करू नका), पण काही बंद पत्ते मेलवाल्या कंपन्या आणि ब्लॅकलिस्टवाले (स्पॅम पाठवणाऱ्यांची यादी ठेवणारे) सापळा म्हणून मुद्दाम चालू ठेवतात, तिथं तुमचा मेल पडला की त्यांना कळतं ह्यानं यादी कुठूनतरी उचललीय. मग तुमच्या डोमेनचं, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचं, नाव खराब. त्याच डोमेनवरून जुन्या गिऱ्हाइकाला गेलेलं कोटेशनसुद्धा मग स्पॅममध्ये, आणि शेठ म्हणतात पार्टी उत्तरच देईना. म्हणून जाहिरातीचे मेल मी वेगळ्या सबडोमेनवरून (त्याच डोमेनच्या पुढं एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यावरून) पाठवतो, थोडातरी बचाव होतो.

जीमेल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत. जीमेलवर दिवसाला ५००० च्या आसपास मेल टाकणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) तिन्ही पाहिजेत, एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब, म्हणजे यादीतून बाहेर पडायची सोय पाहिजे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. म्हणजे हजारातल्या तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं की तुम्ही काठावर!

अनसबस्क्राइबचा घोळ तर सगळीकडे आहे. माणूस नको म्हणाला की यादीतून डिलीट करतात, आणि पुढच्या महिन्यात ऑफिसातलं कोणीतरी जुनी एक्सेल परत चढवतं, की तो माणूस पुन्हा हजर, आता चिडून. नाव डिलीट करायचं नाही, 'ह्यांना पाठवायचं नाही' अशा वेगळ्या यादीत ठेवायचं, नवीन शीट चढवताना सॉफ्टवेअर त्याला आपोआप गाळतं.

आणि सगळ्यांना सीसीत टाकून मेल पाठवणारे अजून आहेत बरं का, म्हणजे आपले सगळे बायर शेजारच्या कारखान्याला फुकट वाटले.

प्रदर्शनात मिळालेली कार्डंपण सरळ यादीत टाकू नयेत असं माझं मत. कार्ड रेटसाठी दिलेलं असतं, दर आठवड्याच्या ऑफरसाठी नाही. आधी एक साधा मेल, त्यातली लिंक दाबली तरच यादीत. जर्मनीत तर बिझनेसच्या पत्त्यावर जाहिरात पाठवायलासुद्धा आधी संमती लागते, एक्स्पोर्टवाल्यांनी लक्षात ठेवा.

वर्षभर काहीच न उघडणाऱ्यांना मी "मेल चालू ठेवू का" असं विचारतो आणि उत्तर नाही आलं की काढतो. त्यावरून शेठ भडकले, "राहू दे की बे नाव, काय खायला मागतंय का?" मी बिल दाखवलं. आम्ही वापरतो ती सर्विस यादीतल्या नावांवर पैसे लावते, झोपलेली नावंपण धरून. मग निम्मी काढू दिली, दुबईवाली मात्र ठेवायला लावली.