म्हाताऱ्या गोल्डफिशची गाठ

आमची गोल्डफिश आता दहाव्या वर्षात आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या शेपटीच्या बुडाशी गाठ दिसली. दुकानदाराला फोटो दाखवला, तर त्यानं लगेच निळ्या औषधाची बाटली पुढं केली. ते मिथिलीन ब्लू, बुरशीवर चालतं. पण बुरशीला पांढरे तंतू सुटतात. ही गाठ गुळगुळीत, अंगाच्याच रंगाची होती. बाटली मी घेतली नाही.

साताऱ्यात गाई-म्हशींचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर मिळतात. माशाचं नाव काढलं की समोरचा हसतो. शेवटी यांच्या मित्राचा भाऊ कामाला आला. तो शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेला, आता तिकडंच प्रॅक्टिस करतो. मी तिला डब्यात घालून खंबाटकी घाट ओलांडायच्या तयारीत होते. तो म्हणाला, "वहिनी, आणू नका, प्रवासानंच दमेल ती. व्हिडिओ पाठवा, आणि आधी पाणी तपासा."

माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारे अमोनिया, नायट्राइट शून्य निघाले, त्यांचंच पुढं होणारं नायट्रेट मात्र चढलेलं. म्हणून आता दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, नळाच्या पाण्यात क्लोरीन मारणारं अँटिक्लोरीन घालूनच.

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. खाते का? तळाशी बसून राहते का? खवले उभे राहिलेत का? खवले उभे आणि पोट फुगलेलं असेल, तर आत पाणी साठलेलं असतं, बऱ्याचदा मूत्रपिंड गेलेलं असतं. मेणाचे थेंब सांडल्यासारखे डाग असतील, तर तो कार्पच्या जातीतल्या माशांचा विषाणू, गोल्डफिशही त्याच जातीतली. तो थंडीत उठतो आणि पाणी गरम झालं की बहुधा ओसरतो. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. एकच घट्ट, हळूहळू वाढणारी गाठ. गोल्डफिशला म्हातारपणी अशा गाठी होतात, बाटलीतल्या औषधानं त्या जात नाहीत, असं त्यानं सरळ सांगितलं.

ऑपरेशन होतं, हे मला नवीन होतं. गुंगीचं औषध पाण्यातच घालतात. मासा बाहेर असेपर्यंत तेच पाणी कल्ल्यांवरून सोडत राहतात. पण गाठ खोल रुतलेली असेल तर पुन्हा येते. या वयात नको, असं त्याचं मत पडलं. मलाही पटलं.

सासूबाईंचं वेगळंच. "माहुलीला संगमावर सोड, पुण्य लागेल." परका मासा, त्यातून आजारी, कृष्णेत सोडायचा नसतो हे त्यांना समजावणं डॉक्टर शोधण्याहून अवघड गेलं.

मध्यंतरी टाकीतल्या प्लास्टिकच्या किल्ल्याला घासून गाठ सोलली. किल्ला त्याच दिवशी बाहेर गेला. वेगळ्या टबात लिटरला २ ग्रॅम जाडं मीठ विरघळवून तिला ठेवलं, हवेचा पंप चालू. जखम भरली. खडेही काढले, तळ मोकळा आहे.

आता मोजपट्टी काचेला लावून दर महिन्याला फोटो काढते, तो शिरवळला जातो. खाणं सुटलं किंवा ती आडवी पडायला लागली, तर लवंगतेलाच्या पाण्यात तिला कायमचं झोपवायचं, हे ठरलंय. कल्ले थांबल्यावरही निदान दहा मिनिटं त्यातच ठेवायचं, असं त्यानं बजावलंय. ते तेल स्वयंपाकघरात नाही, कपाटात वर ठेवलंय. नाहीतर सासूबाई दातदुखीला वापरून मोकळ्या होतील.

गाठ वाढतेय. सोललेला मटार मात्र ती अजून हातातून ओढून नेते.