बूट घातलेला एक

दुपारी चार वाजता चालायला निघायचं म्हणून बूट चढवले आणि उजव्या पायाची लेस जरा ओढली तर तुटलीच. अर्धी हातात, अर्धी बुटात. मला मनातून बरंच वाटलं. बूट ही गोष्ट मला कधीच मानवलेली नाही. लग्नात सासऱ्यांनी घेतलेले बूट मी इतक्या जपून वापरले की ते शेवटी माळ्यावरच वारले.

याला कारण कोल्हापूर. आमच्या शिवाजी पेठेत पोरगं चालायला लागलं की पहिली लाथ बॉलला मारतं, आणि ती अनवाणीच. बाकीच्या महाराष्ट्राला याचं नवल वाटतं. तालमी कुस्तीच्या, आणि मॅच कसली, तर फुटबॉलची! पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, सगळी तालमींचीच नावं. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठेतलं पोर घरी सापडायचं नाही. आम्ही मोठ्यांची मॅच बघायचो आणि दुसऱ्या दिवशी गांधी मैदानाच्या कडेला तीच मॅच परत खेळायचो. निकाल मात्र आमच्या सोयीचा लावून.

आमचा बॉल चामड्याचा होता. म्हणजे कधीकाळी असावा. त्यालाही लेस होती. आतला ब्लॅडर पंक्चर झाला की लेस सोडायची, ब्लॅडर बाहेर काढायचा, सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणायचा, हवा भरायची, त्याचं तोंड दोऱ्यानं आवळायचं आणि लेस परत ओवायची. ओवणाऱ्याचा हात कच्चा असला तर गाठ वर राहायची. अशा बॉलला हेड मारला की कपाळावर त्या गाठीचा शिक्का. पावसात भिजून तो दगडासारखा जड व्हायचा आणि वाळला की हळूहळू अंड्याचा आकार घ्यायचा.

कोलकात्यातल्या नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांची हकीकत वाचली तेव्हा म्हणून मी मनापासून हसलो. १८७७ च्या सुमाराला या शाळकरी पोरानं गोऱ्या शिपायांचा खेळ बघितला, वर्गात वर्गणी काढली आणि चौरंगीवरच्या दुकानातून मोठ्या ऐटीत बॉल आणला. निघाला रग्बीचा! म्हणे तोच घेऊन पोरं खेळत सुटली, आणि शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका गोऱ्या प्राध्यापकांनी गोल बॉल मिळवून दिला. म्हणजे बंगालनं अंडाकृतीपासून सुरुवात करून गोल गाठला. आमचा प्रवास उलटा.

आमच्यात एक पोरगा बूट घालून यायचा. वडील बँकेत, बदलीवर आलेले. काळे बूट, खाली स्टड, पांढरी शुभ्र लेस, तीही नडगीभोवती दोन वेढे देऊन बांधलेली. आम्ही त्याला सरळ गोलात उभा केला. कारण काय, तर "तुझ्या बुटानं लागतंय." खरं कारण हे नव्हतं. खरं म्हणजे त्याचे बूट बघितले की आपापले पाय दिसायचे. अंगठ्याला ठेच, त्यावर हळद आणि खोबरेल, वर आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी.

पुढे कॉलेजात असताना वाचनालयात कोलकात्याच्या मोहनबागान या फुटबॉल क्लबवरचा एक लेख हाती आला. २९ जुलै १९११, आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. गोऱ्यांनी आधी गोल केला, मग कप्तान शिवदास भादुडीनं बरोबरी केली आणि अगदी शेवटी शेवटी अभिलाष घोषनं दुसरा मारला. दोन-एक. शील्ड जिंकणारा हा पहिला हिंदी संघ. मैदानावर इतकी माणसं लोटलेली की मागच्यांना काही दिसेना, म्हणून स्कोअर लिहून पतंग उडवत होते. हे पतंग मला फार आवडतात. आता मोबाइल मिनिटामिनिटाला स्कोअर सांगतो, पण त्यासाठी मान वर करून आभाळाकडे बघावं लागत नाही.

क्लब मात्र त्याआधी बावीस वर्षांचा. १५ ऑगस्ट १८८९ ची स्थापना. उत्तर कोलकात्यात कीर्ती मित्रांची मोहनबागान व्हिला नावाची हवेली होती, तिच्या आवारात पोरं खेळायची, म्हणून क्लबचंही नाव तेच. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू, जे पुढे १९१४ मध्ये काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचेही अध्यक्ष झाले. नाव आधी मोहनबागान स्पोर्टिंग क्लब ठेवलं. वर्षभरात एका इंग्रज प्राध्यापकानं शंका काढली: तुम्ही शिकार करत नाही, गळ टाकून मासे धरत नाही, मग 'स्पोर्टिंग' कसले? झालं, 'ॲथलेटिक' केलं. आमच्या पेठेत असं कुणी सांगायला आलं असतं तर त्याला आधी चहा पाजला असता आणि नाव तेच ठेवलं असतं.

त्या फायनलची आणखी एक गोष्ट सांगतात. जिंकल्यावर कुणीतरी फोर्ट विल्यम किल्ल्यावरच्या इंग्रजांच्या झेंड्याकडे बोट दाखवून विचारलं, तो कधी उतरणार? उत्तर मिळालं, मोहनबागान परत शील्ड जिंकेल तेव्हा. आणि त्यांनी परत शील्ड जिंकली ती थेट १९४७ साली. गोष्ट इतकी बेतून शिवल्यासारखी आहे की मला तिचा संशयच येतो. असो. माझं लक्ष भलतीकडेच होतं.

लेखात एका ओळीत दिलं होतं की अकरापैकी दहाजण अनवाणी खेळले. एकटे सुधीर चटर्जी बूट घालून. लेफ्ट बॅक. ख्रिस्ती, मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकवणारे, पुढे रेव्हरंड झाले. बस, एवढंच, आणि लेख पुढे गोलांकडे पळाला. मी तिथंच थांबलो. वाचनालयाचा पंखा डोक्यावर करकरत होता आणि मी फक्त एवढाच विचार करत होतो की मॅचच्या आधी हा माणूस खाली वाकून लेस बांधत असणार तेव्हा बाकीचे दहा काय करत होते? थट्टा केली असेल? का कुणाच्या लक्षातही आलं नसेल? सगळा देश पुढची शंभर वर्षं 'अनवाणी अकरा' म्हणणार, आणि अकरातला एक मुकाट्यानं नाडी आवळतोय.

आमच्यानं हे झालं नाही. त्यांनी आपल्या बूटवाल्याला बॅकला ठेवला, समोर रेजिमेंट सोडली, आणि त्याच्यावर भिस्त ठेवली. आम्ही आमच्या बूटवाल्याला गोलात टाकला आणि बॉल आत गेला की त्याच्याच नावानं शिमगा केला.

एके दिवशी तो अनवाणी आला. बूट घरी ठेवून. पाय असे गोरेपान आणि मऊ, की बघूनच हसू आलं. आम्ही हसलोही. पाचव्या मिनिटाला त्याच्या अंगठ्याचं नख निघालं. आवाज न करता तो मैदानाच्या कडेला बसून रडला, मग नळावर पाय धुऊन, रुमाल बांधून परत आला. गोलात नाही, पुढे येऊन उभा राहिला. मी बॉल त्याच्याकडे ढकलला. पहिल्यांदाच. त्यानं तो बाहेर मारला, पार घाटाच्या रस्त्यापर्यंत, आणि लंगडत स्वतःच आणायला गेला.

पुढच्या जूनमध्ये वडिलांची बदली झाली. नाव आठवत नाही. आम्ही नावानं हाकच मारली नव्हती.

कोपऱ्यावरच्या चांभाराकडे काळी लेस नव्हती. "पांढरी हाय, चालंल?" म्हणाला. घेतली.