आंघोळीचा दिवस

डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू ढासळत नेणारा आजार, झालेल्या माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी मी सहा दिवसांचा वर्ग घेते. त्यातला अख्खा चौथा दिवस आंघोळीचा. पहिल्या दिवशी वेळापत्रक हातात पडलं की कोणीतरी विचारतंच, "ताई, आंघोळीत दिवसभर शिकण्यासारखं काय असतं?"

मलाही एकेकाळी तसंच वाटायचं. एकवीस वर्षं मी परिचारिका होते. रुग्णाला स्पंज करणं हाताच्या सवयीचं होतं. तरीही आईला अल्झायमर, डिमेन्शियाचाच एक प्रकार, झाल्यावर पहिलं दीड वर्ष मी तिला अक्षरशः ओढत बाथरूममध्ये नेत होते. ती ओरडायची, माझ्या दंडाला नखं रुतवायची. मी तिची दोन्ही मनगटं एका हातात धरायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावर मग ओतायचे आणि "झालं, झालं" म्हणत दहा मिनिटांत उरकायचे. नंतर ती कितीतरी वेळ थरथरत बसायची. मला वाटायचं, गारठली असेल. एके दिवशी बहिणीला आईच्या मनगटांवर माझ्या बोटांचे वळ दिसले. ती काही बोलली नाही, फक्त आईची बाही खाली ओढून घेतली. हे मी प्रत्येक तुकडीला सांगते. सांगताना अजूनही माझा आवाज बदलतो.

ते थरथरणं थंडीचं नव्हतं. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते, म्हणून नुकतंच घडलेलं टिकत नाही. पण त्यातून उठलेली भावना टिकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमर असलेल्यांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. काय पाहिलं ते त्यांना फारसं आठवेना, पण मनावरचा परिणाम मात्र मागे रेंगाळला. माझी आई आंघोळ विसरायची. भीती तेवढी उरायची, आणि ती कशाची हे तिला सांगता यायचं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी वर्गात जोड्या लावते. एकाने खुर्चीत बसायचं. दुसऱ्याने एक शब्द न बोलता, कामाच्या घाईत करतो तसं, त्याचे मोजे काढायचे, ओल्या फडक्याने तोंड पुसायचं, केस विंचरायचे. मागच्या तुकडीत एका तरुण मुलाने फडकं तोंडाशी येताच समोरच्याचं मनगट पकडलं. स्वतःच दचकला. म्हणाला, "ताई, मी ठरवून नाही धरला, हात आपोआप गेला." मी त्याला ते वाक्य फळ्यावर लिहायला लावलं. हाच हात आजारी माणसाचा असला की आपण वहीत 'मारतात, ऐकत नाहीत' असं लिहून मोकळे होतो.

मग दुपारभर तेच सगळं सावकाश. बाथरूम आधी उबदार करायचं, टॉवेल, कपडे, साबण हाताशी ठेवायचे, म्हणजे मध्येच उठून जावं लागत नाही. पाणी आधी आपल्या कोपरावर घ्यायचं. पाठीमागून जायचं नाही. डिमेन्शियात नजरेचा आवाका आक्रसतो, बाजूने आलेला हात एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो. समोर यायचं, थोडं खाली वाकायचं, फडकं दाखवायचं, काय करणार ते एका छोट्या वाक्यात सांगायचं आणि थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत अवघड जातं. मी मोठ्याने दहा अंक मोजायला लावते. पांढऱ्या फरशीवर पांढरं स्टूल त्यांना दिसतच नाही, म्हणून त्यावर गडद टॉवेल घालायचा. जमिनीवर मात्र काळं पायपुसणं नको, ते खड्ड्यासारखं भासू शकतं. सुरुवात पायांपासून. डोकं आणि तोंड शेवटी. जो भाग धुतोय तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. फडकं त्यांच्या हातात द्यायचं आणि आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवायचा. वर्षानुवर्षांच्या हालचाली हाताला बऱ्याच काळ आठवतात.

आणि रोज डोक्यावरून पाणी घ्यायलाच हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. कोमट ओल्या टॉवेलांनी पलंगावरच अंग पुसून काढता येतं. अमेरिकेतल्या १५ शुश्रूषागृहांत हे करून पाहिलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आंघोळीच्या वेळचे मारण्या-ओरबाडण्याचे प्रकार निम्म्याहून जास्त कमी झाले.

एका गोष्टीवरून मी वर्गात वाद ओढवून घेते: सरसकट 'आजी' म्हणणं. प्रेमाने म्हणतात, कळतं मला. पण ज्या बाईच्या मनात आज ती तीस वर्षांची आहे, तिला ही आजी कोण ते कळत नाही. घरच्यांना विचारा, यांना लोक काय म्हणायचे? शिक्षिका असतील तर 'बाई' म्हणा. आणि अहो-जाहो सोडू नका, लंगोट बदलतानासुद्धा.

एवढं करूनही कोणी एका-दोन दिवसांत अचानक बदललं, फार बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं, तर ते आजार वाढल्याचं मानून बसू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कुठलं तरी दुखणं, नवीन औषध, काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

मदतनीस पुरवणाऱ्या एका संस्थेने मला सांगितलं होतं, वर्ग दोन दिवसांचा करा, आंघोळ त्यांना येतेच. मी नाही म्हटलं. त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. याचं वाईट वाटतं ते त्यांच्या मदतनीसांच्या हाती पडणाऱ्या आजारी माणसांसाठी.

मागच्या तुकडीतल्या एकीचा परवा फोन आला. तिच्याकडच्या बाई पाण्याचा आवाज ऐकला तरी किंचाळायच्या. हिने तीन दिवस आंघोळीचा विषयच काढला नाही. रोज संध्याकाळी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन समोर जमिनीवर बसायची, एक पाय धुवून पुसायची आणि उठायची. घरचे कुरकुरले, त्यांच्याशी मी बोलले. चौथ्या दिवशी ती एक पाय पुसून उठायला लागली, तर बाईंनी साडी थोडी वर घेतली आणि दुसरा पाय पुढे केला.