ख्रुश्चेव्ह यांच्या मुलाची साक्ष

सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांना ऑक्टोबर १९६४मध्ये पदावरून दूर केल्यानंतर सोव्हिएत राजवटीने त्यांचे नाव घेणेच जवळजवळ बंद केले. १९७१ साली ते वारले, तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र असलेल्या ‘प्रावदा’ने त्रोटक निवेदन छापून विषय संपवला. या मौनाविरुद्ध सर्वांत चिकाटीने लिहिले ते त्यांच्या मुलाने. सेर्गेई ख्रुश्चेव्ह यांनी १९५८पासून दशकभर क्षेपणास्त्र-रचनाकार व्लादिमीर चेलोमेय यांच्या संस्थेत क्षेपणास्त्रांवर काम केले होते. १९९१मध्ये ते अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात गेले आणि पुढेही वडिलांविषयी लिहीत राहिले.

त्यांच्यातला अभियंता बोलतो तिथे त्यांची बाजू मला भक्कम वाटते. निकितांचा क्षेपणास्त्रांवरील भर म्हणजे युद्धखोरी, हा आरोप ते उलटवतात: मोजकी अण्वस्त्रे धाक बसवण्यास पुरेशी असतील, तर लाखोंचे सैन्य पोसावे लागत नाही आणि तो पैसा घरबांधणीकडे व शेतीकडे वळवता येतो. १९६० साली सैन्यात १२ लाखांची कपात जाहीर झाली होती, हे पाहता हा युक्तिवाद निव्वळ पितृभक्ती म्हणून झटकता येत नाही. १९५४मध्ये क्रिमिया युक्रेनकडे सोपवण्यामागे नीपर नदीचे पाणी तिकडे नेणाऱ्या कालव्याचे काम एकाच प्रशासनाखाली असावे, हा हेतू होता, असे ते सांगतात. हे कारण खोटे नसावे. पण सत्तास्पर्धेत निकितांना युक्रेनी पक्षनेत्यांचा पाठिंबा हवा होता, ही गोष्ट त्या कालव्याच्या आड जाते.

१९६२मध्ये दक्षिण रशियातील नोवोचेर्कास्क शहरात दरवाढीविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. त्या घटनेवर कोणतीही तांत्रिक मांडणी पुरी पडत नाही. आनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या लिसेन्को या कृषितज्ज्ञाला निकितांनी दिलेले पाठबळही तसेच. मात्र इथे घरातच वाद होता, कारण जीवशास्त्र शिकलेली मुलगी राडा आणि सेर्गेई हे दोघेही लिसेन्कोच्या विरोधात होते.

माझ्या लेखी सेर्गेईंचे सर्वांत मोठे काम या युक्तिवादांच्या पलीकडचे आहे. निवृत्त वडिलांनी ध्वनिफितींवर सांगितलेल्या आठवणींच्या लेखनाला त्यांनी साहाय्य केले. १९७०मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने तो ऐवज त्यांच्याकडून नेला, तरी त्याआधीच एक प्रत परदेशी पोहोचली होती. पुढे विस्तृत आवृत्तीचे संपादन त्यांनीच केले. बोरिस पास्तरनाक यांच्या कादंबरीवरील बंदीबद्दल निकितांना वाटलेली खंत आज वाचायला मिळते, ती या आठवणींमुळेच.